हिवतापाचा धडा

भिवाने बायकोवर, शेवंतीवर हात उगारला आणि तोल जाऊन तो ओट्यावरच बसला. तेवढ्यात त्यांच्या पोरीने, बायजाने, त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली.

“हे काय गो?”

“तुला हिवताप आलाय, बाबा. नीज.”

शेजारची ठमाबाई कुडापलीकडून हसली. “हिवताप! अगं, तुझा बापूस रोज सांजेला गुत्त्यावर जातो आन् तो भरून घेऊन येतो.”

बायजा हसली नाही. तिने शाळेचं नवं पुस्तक आणलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं, “गोमाचा बाप भला होता. पण हिवताप आला की तो घरची भांडी विकी आणि बायकोला मारी.” मग ती जरा थांबली. “आजीला आलेला, तेव्हा ती गोधडीत कुडकुडत होती. तिने कुणाला मारलं नाही. तुझा जास्त असेल. मी रोज पट्टी ठेवीन. तू बरा होशील.”

शेवंतीने तोंड फिरवलं. भिवाची झिंग उतरली.

सकाळी तो मिठागरावर न जाता शाळेत गेला आणि त्याने त्या धड्याचं विचारलं. मास्तरांनी आवाज खाली आणून खरं ते सांगितलं. राणीच्या सरकारने कल्याणकडच्या गुत्त्यांचा मक्ता ज्याला दिला होता, त्यानेच शाळेला पुस्तकं फुकट छापून दिली होती. धडा जुनाच होता. त्यातला एक शब्द तेवढा मक्तेदाराला नको होता. त्या जागी हिवताप घातला.

“मग खोडा तो. खरा शब्द लिहा.”

“माझ्या अक्षरात दिसला तर माझी नोकरी जाईल, भिवा.”

“माझ्या अक्षरात दिसू दे.”

“तुला अक्षर कुठे येतं?”

“शिकवा.”

पोरं खिदळली. भिवा त्यांच्यात मांडी घालून बसला. बायजाने सरकून त्याला जागा केली. मास्तरांनी धूळपाटी पुढे ओढली आणि मिठाने चिरलेलं त्याचं बोट हातात धरलं.

“पहिल्या दिवशी श्री गिरवायचा असतो.”

“पोरगी मला आजारी समजते, मास्तर. श्री उद्या. आज ‘दारू’ लिहायला शिकवा.”