मुक्कामाचं झाड

यवतमाळच्या आमच्या ऑफिसात आम्ही गेमसाठी डोंगर, जंगलं बनवतो. माझा डोंगर चार मिनिटांत गाठता येतो. शेजारच्या टेबलावरच्या राजकुमारचा, तेवढ्याच नकाशात, कोसभर दूर वाटतो. सर त्याचं कौतुक करतात तेव्हा मी उठून चहाला जातो.

"कसं जमवतो रे?" एकदा विचारलंच.

"माहा पणजा बैलांवर मीठ वाहे, अनिकेतभाऊ. तो पहिले मुक्कामाचं झाड ठरवे, मंग निघे. झाड नसन तं वाट सरत नाही म्हणे."

राजकुमारच्या नकाशातल्या प्रत्येक वाटेवर एक कडुलिंब असायचा.

आज सकाळी मी त्याचा डोंगर वाटेसकट माझ्या नकाशात घेतला. चोरी दिसू नये म्हणून कडुलिंब तेवढा पुसला. सर खूश झाले. गेममधला माणूस मी डोंगराकडे चालता केला. संध्याकाळी तो चालतच होता, डोंगर होता तिथंच.

सहाला निघालो. घर पाच मिनिटांवर. गच्चीवर माझी बायको आभा दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी चालत राहिलो. तिची दोरी रिकामी झाली, तरी ती बोटाएवढीच दिसत होती.

तिचा फोन आला. "किती वेळची पाहून राह्यली, तुम्ही चालूनच राह्यले. थांबा ना जरा."

थांबायला मी रोजचा, गल्लीच्या तोंडाचा कडुलिंब शोधला. तो कुठंच नव्हता.