लाल शाईतला शेरा

“घड्याळ सापडेपर्यंत कुणीही बाहेर जाणार नाही,” सचिव पृथ्वीराज सरांनी माइकवरून सांगितलं आणि सभागृहाची दोन्ही दारं लावून घेतली.

बसू शेवटच्या रांगेत बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर परिषदेनं दिलेली फाइल. आनुवंशिकता आणि वर्तन अभ्यास परिषद, सोलापूर अधिवेशन. माणसाचा स्वभाव रक्तातून किती येतो आणि संगतीतून किती, याचा काथ्याकूट करायला दीडशे विद्वान जमले होते. जेवणाआधी हात धुताना पुण्याहून आलेल्या अध्यक्षांनी मनगटावरचं सोन्याचं घड्याळ काढलं होतं. जेवण उरकून बघतात तर ते बेसिनपाशी नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. बसू मात्र व्यासपीठाकडे बघत राहिला.

कारण पुढचा निबंध आरोहीचा होता. त्याच्या लेकीचा.

दोन वर्षं पोरीनं जिवाचं रान केलं होतं. जुन्या दप्तरांत डोकं घालून तिनं एका कुटुंबाच्या चार पिढ्या शोधून काढल्या होत्या. इंग्रजांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून सोलापुरात तारेच्या कुंपणात डांबलं होतं, सेटलमेंटमध्ये. दिवसातून तीनदा हजेरी. तार जाऊन सत्तर वर्षं झाली, वस्तीचं नाव तेवढं राहिलं. चोरी रक्तातून येत नाही, हे तिला त्या कुटुंबावरून दाखवायचं होतं. ते कुटुंब आपलंच आहे, हे तिनं परिषदेला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कोण ऐकणार? निबंध पसंत पडला तर पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती होती. म्हणून सकाळी बसूनंच तिला बजावलं होतं, “तितं मला आप्पा म्हणू नगंस.”

निबंध एकाच जागी अडत होता. बसूच्या आज्यानं, म्हणजे आरोहीच्या पणजोबानं, तीन चोऱ्या कबूल केल्याची नोंद होती. तिन्ही खेपेला माल नंतर भलतीकडेच सापडला होता. त्या पानावर सचिवांनी लाल शाईत शेरा मारला होता : ‘निर्दोष होता, तर कबूल का केलं?’ आरोहीनं हा प्रश्न बापाला दहा वेळा विचारला. बसू दहाही वेळा डबा उचलून ड्यूटीवर निघून गेला. घरातली काही दुखणी त्याला पोरीपर्यंत पोचू द्यायची नव्हती.

“पोलिसांना बोलवा,” कुणीतरी म्हणालं.

“थांबा. आधी कोण कोण आलंय ते बघू,” असं म्हणत सचिवांनी सकाळच्या सह्यांचं रजिस्टर उघडलं.

बसूला दरदरून घाम फुटला. आरोहीनं शहाण्यासारखा वसतिगृहाचा पत्ता लिहिला होता. त्यानं मात्र खरा लिहिला. छत्तीस वर्षं बँकेच्या दारात बसून लोकांपुढं रजिस्टर सरकवणारा माणूस तो. रजिस्टरात खोटं लिहायला त्याचा हातच धजावला नव्हता. आपणच पोरीच्या मुळावर आलो, असं त्याला वाटलं.

सचिवांचं बोट खाली खाली आलं आणि थांबलं.

“सेटलमेंट? हे बसू कोण?”

खुर्च्या करकरल्या. दीडशे माना मागं वळल्या. पुढच्या रांगेतल्या बाईंनी शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली. बोट एक ओळ वर सरकायचा अवकाश होता. तिथं आरोहीचं नाव होतं आणि आडनाव तेच होतं. आता तिची पिशवी सगळ्यांसमोर उपसतील. मग कसला निबंध आणि कसलं काय.

आरोही व्यासपीठाच्या पायरीवर उभी होती. हातातले कागद तिनं खाली ठेवले. ती त्याच्याकडे यायला निघाली, तिचे ओठ हलले. आता ती आप्पा म्हणणार, हे बसूला दिसलं. त्याच क्षणी त्याला आजा आठवला.

“म्या घेतलं,” तो ताडकन उभा राहून ओरडला. “घड्याळ म्या घेतलं. माज्यासंगं कुणी न्हाय. हितं मला वळखणारं कुणी न्हाय!”

आरोही जागच्या जागी थिजली.

“कुठं आहे घड्याळ?” सचिवांनी दरडावलं.

उभ्या जन्मात कुणाची काडी न उचललेल्या माणसाला चोरीचा तपशील कुठून सुचणार? “टाकलं,” तो कसाबसा म्हणाला. “गटारीत टाकलं.”

सचिवांनी पोलिसांना फोन लावायला मोबाइल काढला. हा सगळा प्रकार बघून अध्यक्षांनाही घाम आला होता. त्यांनी कोटाच्या खिशातून घडी केलेला रुमाल काढला, झटकला, आणि त्यातून काहीतरी खणकन फरशीवर पडलं. सोन्याचं घड्याळ होतं. हात धुताना त्यांनी स्वतःच रुमालात गुंडाळून ठेवलेलं.

अध्यक्षांनी ते उचलून मनगटावर चढवलं. अखेर सचिवांनाच राहवलं नाही. “अहो, तुम्ही घेतलंच नव्हतं, तर कबूल का केलंत?”

बसूनं मान वर केली नाही.

“एकानं व्हय म्हणलं की बाकीच्यास्नी सोडत्यात, सायेब. माजा आजा हेच करायचा. त्यो एकटा आत जायचा, मग वस्ती मिलात कामाला जायची.”

आरोही चालत शेवटच्या रांगेपर्यंत आली. तिनं बापाचा हात धरला. तिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

“सर, तुमच्या लाल शेऱ्याचं उत्तर मिळालं. हे माझे आप्पा. आमच्या रक्तातून काय आलंय, ते आता लिहून घ्या.”