उरलेले पन्नास आठवडे

आमच्या लंडनच्या बँकेत प्रत्येकाला वर्षातून एकदा सलग दोन आठवडे सक्तीची रजा घ्यावी लागते, आणि तेवढे दिवस ऑफिसचा फोन, ईमेल सगळं बंद. माणूस खुर्चीवरून हलला की त्याने दडवलेलं लफडं आपोआप वर येतं म्हणे! बावीस वर्षं देशोदेशीच्या कंपन्यांचे सौदे जुळवून मी युरोपचा प्रमुख झालो, आणि हा नियम सांभाळणाऱ्या ग्वेनेथशी दरवर्षी भांडून सूट मिळवत आलो. "मी नसलो तर सगळं ठप्प होईल, बाई!"

यंदा तिने ऐकलंच नाही. "हेमिश, पुरे झालं. तुझा पास ठेव इथे आणि नीघ."

ते दोन आठवडे मी कॉर्नवॉलला, सासुरवाडीत, समुद्राकडे बघत दात-ओठ खात काढले. बायको म्हणाली, "बँक कुठे पळून जात नाहीये. चहा घे मुकाट्याने." मी तिच्यावरच खेकसलो.

सोमवारी सकाळी सातला तणतणत ग्वेनेथची केबिन गाठली.

"सापडलं काही लफडं?"

"छे. तू अगदी स्वच्छ आहेस."

"मग उगाच माझे दोन आठवडे खाल्लेस ना! आता सांग, किती सौदे अडकले?"

"एकही नाही. मिलानचा तर दोन दिवस आधीच उरकला."

"बरं, बरं. माझा पास दे."

"थांब जरा. आधी तुला चेअरमननी वर बोलावलंय."

"कशाला?"

 

"ते विचारत होते, वर्षाचे उरलेले पन्नास आठवडे तू नक्की करतोस काय?"