गाळलेले तेरा भाग

“आता पुढे तो काय करेल, दादा?” नूरैनने विचारलं आणि उत्तरासाठी न थांबता पुढे वाचायला लागली. उत्तर येणार नव्हतं. तिच्या आजोबांची, जमालुद्दीनची, वाचा जाऊन पाच आठवडे झाले होते.

कादंबरी मूळ चिनी, नऊशे भागांची, इंटरनेटवर इंग्रजीत मिळायची. टॅब्लेटवर बघून नूरैन ती मराठीत सांगायची. डोंगरावरचं गुरुपीठ, हजार वर्षं जगायला मिळावं म्हणून साधना करणारे शिष्य, आणि त्यांच्यात को मिंग नावाचा एक निलाजरा. बाकीचे तप करून बळ मिळवायचे. हा गुरूच्या भट्टीतल्या गुटिका चोरून. समोरचा भारी पडला की त्याचे पाय धरून रडायचा, आणि उठताना त्याचीच थैली कमरेला लावून निघायचा. अशा ठिकाणी आजोबांचं पोट गदगदायचं. आवाज मात्र नाही.

मक्केपासून तासाभरावरच्या शहरात, शराफिया वस्तीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात असर आणि मगरिबच्या नमाजांमधला तास वाचनाचा होता. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या नूरैनने वहीत तक्ता आखला होता: तारीख, भाग, दादा किती वेळा हसले. आकडा चढत होता. दादा बोलणार याबद्दल तिला शंका नव्हती. पण बोलले की ते कायमचे गावी जाणार होते, आणि तिला तर आवाजही हवा होता आणि आजोबाही.

जमालुद्दीनने अडतीस वर्षं एकाच शेखच्या कापडदुकानात काढली होती. यंदा शेखने त्याला मानाने निरोप दिला. मेजवानी, घड्याळ, मुंबईचं तिकीट, आणि इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, फायनल एक्झिट. साठ दिवसांत देश सोडायचा. थकलास, आता गावी आराम कर, असं म्हणून शेखने त्याला मिठी मारली. ज्याच्या नावावर परवाना, त्या कफीलने इतक्या प्रेमाने दिलेलं परत कसं करायचं? जमालुद्दीनने घड्याळ मनगटाला बांधून घेतलं. घरी आल्यावर मुलाला, इमादला, एवढंच म्हणाला, “तुझी आई मक्केच्या मातीत आहे. कबरीवर नाव नाही, नुसता दगड. मी गेलो की ती जागा कुणाला ठाऊक?”

दर शुक्रवारी तो तिथे जायचा, एकटा. कफीलच्या शब्दापुढे इमादचाही इलाज नव्हता.

तिकिटाला चार दिवस उरले असताना जमालुद्दीन न्हाणीघरात पडला. उठवलं तेव्हा हातपाय धड होते, तोंडातून शब्द फुटेना. डोक्याच्या स्कॅनमध्ये काही सापडलं नाही. कधी कधी दिसत नाही, डॉक्टर म्हणाले. बोलेपर्यंत विमान नको. तिकीट पुढे ढकललं. साठ दिवस काही पुढे ढकलता येत नव्हते. इमादने ठरवलं होतं, तोंड उघडलं की लगेच नेऊन सोडायचं; गावी इमादची आत्या, बदरुन्निसा फुफी, बघेल.

जेवण तेवढं सुटलं नव्हतं. सून हाजरा घावण वाढायची आणि म्हणायची, चला, जीभ एक काम तरी चोख करते आहे.

त्या साठांपैकी पन्नासाव्या दिवशी नूरैन एकशे चाळिसाव्या भागावर आली आणि अडखळली. मथळाच होता ‘जीभ गेलेला पाहुणा’. पहिल्याच परिच्छेदात को मिंगची वाचा गेली होती. ती पुढे वाचेना. वाचा गेलेल्या माणसाला हे कसं ऐकवायचं? तिने नुसते मथळे चाळले. तेरा भाग तो मुकाच होता. एकशे त्रेपन्नाव्यात मेजवानीत बसून थट्टामस्करी करत होता. म्हणजे बरा झाला असणार. तिने तिथेच खूण ठेवली.

खुणेवरून तिला आठवलं. दादा पडायच्या आठवडाभर आधीही खूण अशीच उडी मारून गेली होती. वाचन सत्त्याण्णवाव्या भागावर असताना एकशे बावन्नवर. तेव्हा ती धाकट्या बहिणीला, दुआला, रागावली होती. दुआ इंग्रजीत म्हणाली होती की तिने टॅब्लेटला हातसुद्धा लावलेला नाही. मग कोण, दादा? असं विचारून नूरैनच हसली होती. दादांचं इंग्रजी दुकानाच्या बिलांपुरतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्याच पन्नासाव्या दिवशी शेख भेटायला आला. पलंगाशी बसून त्याने जमालुद्दीनचा हात हातात घेतला. जमालुद्दीनने तोंड उघडलं, ओठ हलवले, आणि काहीच न निघाल्यावर शेखच्या हातावर डोकं टेकून रडला. नूरैनने आजोबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही.

शेखचेही डोळे भरले. मी तुला आराम द्यायला गेलो आणि तुझा आवाज गेला, असं तो अरबीत पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मग इमादकडे वळला. “एक्झिट रद्द. खलास. इकामा माझ्याच नावावर राहील. दुकानात यायचं नाही, इलाज घ्यायचा. बोलेल तेव्हा बोलेल.”

तीन दिवसांनी इमादच्या मोबाइलवर संदेश आला. इकामा वर्षभरासाठी वाढला होता. इमादने तो वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला आणि हाजरा, दुआ यांना घेऊन बाजारात गेला.

घरात दोघंच उरले. नूरैनने टॅब्लेट उघडला, घसा साफ केला आणि खुणेचा भागच पुढचा असल्यासारखी सुरुवात केली. “भाग एकशे त्रेपन्न. मेजवानीत को मिंग सगळ्यात मोठ्याने हसत होता...”

“तेरा भाग गाळलेस, बाय,” जमालुद्दीन स्वच्छ आवाजात म्हणाला. “त्याची वाचा गेलीच नव्हती.”