सुध्या पळाला नाही

"काका, मिठाचं पाणी टोचू का हिला?" सुध्या ओरडला. गर्दचा डोस जास्त झाल्याने पुलाखाली त्याची बायको निळी पडली होती.

"मिठाने काही होत नाही. तू तोंडाने श्वास देत राहा." मी व्यसनमुक्ती संस्थेने दिलेलं उताऱ्याचं इंजेक्शन तिच्या मांडीत टोचलं.

पोलिसांच्या भीतीने पुलाखालचे बाकीचे गर्दुल्ले पळून गेले. माझी बायको अशीच गेली, तेव्हा तिच्याजवळ कोणीच थांबलं नव्हतं. सुध्या थांबला.

ती खोकली, उठून बसली आणि माझ्यावरच भडकली. "थेरड्या, सगळी नशा उतरवलीस की!"

सुध्या तिला आवरू लागला. औषधाचा असर ओसरला की श्वास पुन्हा थांबू शकतो, म्हणून मी दुसरं इंजेक्शन काढून ठेवलं.

"शिव्या देऊ दे तिला," मी म्हणालो. "गप्प झाली तर सांग."