राजाबाईंची साक्ष

राजाबाई साक्षीदाराच्या कठड्यात उभ्या राहिल्या आणि वैभवी बाकावर पुढे सरकून बसली.

मध्य प्रदेशातल्या धारच्या त्या कोर्टात डोक्यावर पंखा गरगरत होता. यशवंतरावकाकांचं मृत्युपत्र आज सिद्ध व्हायचं होतं. घर त्यांनी पुतणीला, म्हणजे वैभवीला दिलं होतं. काका जन्मभर बिनलग्नाचे राहिले, त्यामुळे हक्क सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. पण मृत्युपत्रावर साक्षीदार दोनच. त्यातले डॉक्टर वारले. उरल्या राजाबाई. काकांचा स्वयंपाक, औषधपाणी, दुखणंखुपणं सगळं बघणाऱ्या, घरामागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या. त्या हो म्हणाल्या तर घर वैभवीचं. नुसती नकाराची मान हलवली तरी सगळं मुसळ केरात.

आणि त्यांनी हो का म्हणावं? त्याच दोन खोल्या रिकाम्या करा, असं वैभवीने त्यांना तोंडावर सांगितलं होतं. सांगायला लावलं धीरजने. धीरज दलाल होता, पण साधासुधा नव्हे. माणूस गेल्यावर मागे राहिलेली घरं वारसांना विकून देणं एवढाच त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या धारमध्ये कुणी नव्हता. "ताई, पार्टीला घर मोकळं पाहिजे," तो म्हणाला होता. "बाईंना आत्ताच बोलून टाका, नंतर झंझट नको." वैभवीने बोलून टाकलं. साक्ष व्हायच्या आधीच! दोघांनी मिळून अक्कल कुठे गहाण ठेवली होती, देव जाणे. राजाबाई भांडल्या नाहीत की रडल्या नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्या एका शब्दाने वैभवीची झोप उडाली होती. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

वैभवी देवासला भाड्याने राहत होती, आणि तिथल्या घरमालकाने घर सोडा म्हणून सांगितलं होतं. नवऱ्याची फॅक्टरी बंद पडलेली. हे घर विकलं तरच तिकडे स्वतःचं छप्पर होणार होतं. सकाळी बसला निघताना ऋजुताने विचारलं होतं, "आई, मग आपण शिफ्ट कुठे होणार?" लेकीला उत्तर द्यायचं सोडून वैभवी तिच्यावर खेकसली होती.

ज्या बाईच्या एका शब्दावर सगळं अडलं होतं, तिच्याबद्दल वैभवीला काय ठाऊक होतं? काहीच नाही. वैभवीचे वडील या भावाच्या घरी पाणीसुद्धा पीत नसत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने कधी विचारलं नाही.

वकिलांनी राजाबाईंपुढे कागद धरला. "ये दस्तखत आपके हैं?"

"जी, मेरे हैं."

वैभवीने रोखून धरलेला श्वास सोडला.

"और आपके सामने वसीयत पर किसने दस्तखत किए?"

"साहेबांनी," राजाबाई म्हणाल्या. मग सावरून, "साहब ने."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "साहब कौन? नाम बोलिए. रिकॉर्ड पर नाम आना चाहिए."

राजाबाईंनी मान खाली घातली.

"नाम बताइए, माताजी."

राजाबाईंनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. वकील उगाचच घसा खाकरू लागले. धीरजने कपाळाला हात लावला. इतकी वर्षं ज्यांच्या घरात काढली, त्यांचं नाव ठाऊक नाही? ठाऊक होतं, चांगलं ठाऊक होतं. सांगायचं नव्हतं. त्या 'बरं'मागचा सूड भर कोर्टात उगवायचा होता.

"नाम नहीं लेंगी तो गवाही कैसे मानें?" न्यायाधीशांचा आवाज आता चढला.

तेव्हा राजाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि वैभवीकडे पाहिलं. त्या डोळ्यांत राग नव्हता. ती बाई घाबरली होती, वैभवीहूनही जास्त घाबरली होती. मराठीत, अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "वैभवी, तूच सांग ना गं. त्यांचं नाव मी कसं घेऊ?"

न्यायाधीश हिंदीवाले, वकीलही हिंदीवाले. कळलं ते वैभवीला आणि धीरजलाच. धीरज तिच्या कानाशी वाकला. "ताई, ऐका माझं. बायको निघाली तर सौदा लटकला समजा, सालोंसाल. बोला, म्हातारी आहे, नाव विसरली. बाकी मी बघतो."

"क्या कह रही हैं ये?" न्यायाधीशांनी वैभवीला विचारलं. "आप समझीं?"

वैभवी उठली. देवासचं ते छप्पर हातातून सुटताना तिला स्पष्ट दिसत होतं, आणि आयुष्यात इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती. धीरजने खालून तिच्या साडीचा काठ ओढला. तिने तो सोडवून घेतला.

"जी साहब," ती म्हणाली, "ये मेरी काकी हैं. हमारे में पति का नाम नहीं लेते."