पेनल्टी कोणी मारायची

माणसं आणि जनावरं एकत्र खेळतात, त्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा अंतिम सामना मालवणात होता. मध्यंतरात कप्तान बेनेडिक्टला आपल्याच संघातल्या बाळा कोल्ह्याच्या पिशवीत गोव्याच्या संघाची जर्सी दिसली. बाहीत सुई अडकलेली होती. "ही कोणाची?" "माझ्या धाकट्या भावाची. तेंचो गोलकीपर तोच मा. बाही उसवली म्हणान शिवूक दिल्यान," बाळा म्हणाला. बेनेडिक्टने मान डोलावली, पण कोल्ह्याच्या जातीवर त्याचा विश्वास बसेना. शेवटच्या मिनिटाला एका गोलने मागे असलेल्या मालवणला पेनल्टी मिळाली. बाळा धावत आला. "चेंडू माका दी." "सख्ख्या भावाक गोल मारतलस?" बेनेडिक्टने त्याला बाजूला सारलं आणि स्वतःच फटका मारला. धाकटा कोल्हा डावीकडे झेपावला आणि चेंडू त्याच्या पंज्यात विसावला. बाळा हळूच म्हणाला, "लहानपणापासून तो डावीकडेच उडी मारता. माका ठावक होता."